काळजी करणं आणि काळजी घेणं



फोन ठेवताना आपण मराठी माणसं एकमेकांना एक वाक्य हमखास म्हणतो, "काळजी करू नका, काळजी घ्या." सवयीने तोंडातून निघून जातं. पण जरा थांबून बघा. शब्द एकच, 'काळजी'. त्याच्यापुढे 'घेणे' लावलं की एक अर्थ आणि 'करणे' लावलं की दुसरा. काळजी घ्यायची म्हणजे हातांनी काहीतरी करायचं. औषध वेळेवर घ्यायचं, नातवाला स्वेटर घालायचा, शेजारच्या आजारी बाईला डबा नेऊन द्यायचा. काळजी करायची म्हणजे खुर्चीत बसून डोक्यात तेच तेच फिरवत राहायचं. पहिल्या काळजीने घर चालतं. दुसरीने माणूस झिजतो.

ही दुसरी काळजी नेमकी काय असते, ती मनात सुरू होऊन शरीरात कशी उतरते आणि तिला आवर कसा घालायचा, याचा अभ्यास अमेरिकेतल्या एका लहान गावात चाळीसहून अधिक वर्षं चालला आहे. गावाचं नाव स्टेट कॉलेज. आपल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांनाही या अभ्यासाचा उपयोग व्हावा, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

अंगाची भाषा

आपली जुनी माणसं "मला भीती वाटते" किंवा "मी उदास आहे" असं सहसा बोलत नसत. कोकणातून, मुंबईतून आलेल्या आपल्या आजी-आजोबांना आठवा. त्यांच्या तोंडी निराळे शब्द असत. पोटात गोळा आला. छातीत धस्स झालं. घशाला कोरड पडली. हातपाय गळाले. जीव टांगणीला लागला. डोकं तापलं. अंगावर काटा आला. मन अगदी जड झालं.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द शरीराचा आहे. मन आणि शरीर यांचा संबंध आहे का, हा प्रश्न आपल्या भाषेला कधी पडलाच नाही. 'काळजी' आणि 'काळीज' हे दोन शब्दसुद्धा कानाला एकाच घरातले वाटतात. विद्वानांनी मात्र यावर पुष्कळ वाद घातला. १८८४ साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असं मांडलं की आधी शरीरात बदल होतो आणि तो बदल आपल्याला जाणवणं हीच भावना. पुढे १९१५ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि राग यांच्या वेळी शरीरात काय काय होतं याच्यावर पुस्तकच लिहिलं. संकट दिसलं की हृदय जोरात धडधडतं, श्वास वाढतो, रक्त स्नायूंकडे धावतं, पोटाचं पचनाचं काम मंदावतं. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज होतं.

अश्केलोन, अश्दोद, बेर शेवा इथल्या वाचकांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. भोंगा वाजला की सत्तर वर्षांचे गुडघेसुद्धा कसे मिक्लातकडे धावतात, ते त्यांना ठाऊक आहे. ही झाली भीती. ती येते, शरीराकडून काम करून घेते आणि धोका टळल्यावर हळूहळू उतरते. काळजीचं तसं नाही. भोंगा थांबून दोन तास झाले, सगळे घरात सुखरूप आहेत, तरी माणूस पलंगावर पडून छताकडे बघत असतो. "पुन्हा वाजला तर? मुलगा रस्त्यात असला तर? मला उठता आलं नाही तर?" हे जे 'तर' आहे ना, तिथे काळजी राहते.

सुखाच्या दरीतलं गाव

स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अगदी मधोमध, डोंगरांमधल्या दरीत वसलेलं गाव आहे. फिलाडेल्फियापासून साधारण ३०० किलोमीटर. वस्ती सुमारे ४० हजार. १८५५ साली इथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली आणि तिचंच पुढे पेन स्टेट हे मोठं विद्यापीठ झालं. गावाच्या जोडीला विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान आहे, त्यात लाखाहून जास्त माणसं मावतात. म्हणजे सामन्याच्या दिवशी प्रेक्षकच गावापेक्षा जास्त! या सगळ्या परिसराला लोक लाडाने 'हॅपी व्हॅली', म्हणजे सुखाची दरी म्हणतात. आणि या सुखाच्या दरीतच काळजीचा अभ्यास जोमाने झाला, हा एक योगायोग.

त्याची सुरुवात झोपेपासून झाली. थॉमस बोर्कोवेक हे मानसशास्त्रज्ञ आधी निद्रानाशावर काम करत होते. झोप न येणाऱ्या माणसांचं शरीर थकलेलं असे, पण डोकं थांबत नसे. अंथरुणाला पाठ टेकली की विचारांची रांग सुरू. मग बोर्कोवेक यांनी त्या विचारांकडेच मोर्चा वळवला. काळजी तर सगळ्यांनाच असते, तिच्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, असं तोवर बहुतेकांना वाटे. १९८३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजीचं वर्णन केलं. पुढे काय होईल हे नक्की नाही, वाईट होण्याची शक्यता आहे, आणि तेवढ्यावरून एकापाठोपाठ एक विचार येत राहतात व आपल्याला ते आवरत नाहीत, ती काळजी.

१९९० साली याच विद्यापीठात १६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. एकूण गुण कमीत कमी १६, जास्तीत जास्त ८०. 'पेन स्टेट काळजी प्रश्नावली' हे तिचं नाव. आज जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ ती वापरतात. तापासाठी जसा थर्मामीटर, तशी काळजीसाठी ही प्रश्नावली म्हणा ना.

घाण्याचा बैल

बोर्कोवेक यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. काळजी मुख्यतः शब्दांत चालते. आनंदाची आठवण आली की आपल्याला चित्र दिसतं. अलिबागचा किनारा, आईचा चेहरा, लग्नातली मेंदी. काळजीत मात्र आपण स्वतःशी बोलत असतो. बडबड चालू असते, पण चित्र पुसट.

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, हे लहान मुलांनाही आपण सांगतो. तेलाचा घाणा हा आपला धंदा होता. डोळ्यांना झापड बांधलेला बैल दिवसभर गोल गोल फिरायचा. कोसभर चालला असं त्याला वाटत असेल, पण संध्याकाळी होता तिथेच. काळजी करणारं मन त्या बैलासारखं आहे. फरक इतकाच की बैलाच्या फिरण्याने निदान तेल तरी निघायचं!

समजा, तुमचा मुलगा दर शुक्रवारी दुपारी शब्बाथ लागायच्या आधी फोन करतो. एका शुक्रवारी फोन आला नाही. तुम्ही एकदा फोन लावून पाहिलात, त्याने उचलला नाही, मग सुनेला निरोप ठेवलात. हे झालं काळजी घेणं. त्यानंतर रात्रभर "गाडीला काही झालं असेल का, तब्येत बिघडली असेल का, माझ्यावर रागावला असेल का" असं घोळवत बसलात, ते झालं काळजी करणं. पहिल्याने मुलापर्यंत काहीतरी पोचलं. दुसऱ्याने फक्त तुमची झोप गेली.

शरीर काय सोसतं?

रात्रभर अशी काळजी केली की सकाळी मान आखडलेली असते, जबडा दुखतो, खांदे कानापर्यंत चढलेले असतात. आपण म्हणतो, उशी बरोबर नव्हती. डॉक्टर लोक ज्याला अतिचिंतेचा विकार म्हणतात, त्याच्या खुणा पाहा. अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू ताठणं, झोप बिघडणं. सहापैकी निदान तीन खुणा सोबत घेऊन आवरत नाही अशी काळजी सहा महिने बहुतेक दिवस राहिली आणि त्याने रोजचं जगणं अडू लागलं, तर तो विकार समजतात. या सहातल्या किती खुणा आपण नुसत्या 'वयामुळे' म्हणून सोडून देतो!

हृदयाचीही एक गंमत आहे. निरोगी हृदय घड्याळासारखं एका ठोक्यात चालत नाही. श्वास आत घेताना थोडं भरभर, सोडताना थोडं सावकाश, असं ते लवचिक असतं. १९९६ साली पेन स्टेटच्याच संशोधकांनी दाखवलं की अतिचिंता करणाऱ्या माणसांत ही लवचिकता कमी असते. शरीर जणू सतत पहाऱ्यावर उभं.

आणखी एक प्रयोग १९९० सालचा. लोकांसमोर भाषण करायला घाबरणारे विद्यार्थी घेतले आणि त्यांना भाषणाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. काहींनी त्याआधी काळजी केली, काहींनी शांत, सुखाचे विचार केले. शांत विचार करणाऱ्यांचं हृदय तो प्रसंग आठवताच धडधडलं. काळजी करणाऱ्यांच्या हृदयाची गती फारशी वाढलीच नाही. पण तोंडाने विचारलं तेव्हा आपण जास्त घाबरलो असं त्यांनीच सांगितलं!

याचा अर्थ काय? काळजीची बडबड भीतीला शरीरापर्यंत नीट पोचू देत नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून तर सवय लागते. पण जी भीती अंगात येऊन उतरलीच नाही, ती संपणार कशी? ओलं कापड घडी घालून पेटीत ठेवलं तर वाळत नाही. त्याला कुबट वास येतो. तसंच हे.

"फार हसू नये"

लहानपणी आपण खिदळायला लागलो की घरातलं कोणीतरी म्हणायचं, "फार हसू नका, मग रडावं लागतं." सुख बोलून दाखवलं तर दृष्ट लागेल, ही धास्ती आपल्या रक्तातच आहे. पेन स्टेटच्या प्राध्यापिका मिशेल न्यूमन आणि त्यांच्या सहकारी सँड्रा लेरा यांनी २०११ साली नेमकं याच्यासारखंच काही मांडलं. अति काळजी करणाऱ्या माणसाला दुःखापेक्षा एका गोष्टीची जास्त धास्ती असते. आपण सुखात असावं आणि अचानक कोसळावं, ही ती धास्ती. म्हणून तो आधीपासूनच थोडा दुःखी राहतो. जमिनीवरच बसलं की पडायचं भय नाही.

ज्यांनी आयुष्यात खरोखरच घर, गाव, देश बदलला, जवळची माणसं दूर ठेवून आले, त्यांना हे चटकन पटेल. त्यांची काळजी वेडेपणाची नाही, ती शिकलेली आहे. पण हिशेब करून बघायला काय हरकत आहे? वाईट घडायचं ते घडलं तेव्हा आधी केलेल्या काळजीने दुःख खरंच कमी झालं का? की मधली सुखाची वर्षंही हातची गेली?

किती काळज्या खऱ्या ठरतात?

असा हिशेब खरोखर केला गेला आहे. लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी पेन स्टेटमध्ये अतिचिंतेचा विकार असलेल्या माणसांना दहा दिवस आपल्या काळज्या लिहून ठेवायला लावल्या. रोज रात्री त्या वाचायच्या आणि एकूण तीस दिवसांत काय खरं झालं त्याची नोंद ठेवायची. त्याचा निकाल २०२० साली छापून आला. २९ माणसांच्या नोंदी तपासल्या, तर १०० पैकी ९१ हून जास्त काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. कित्येकांची तर एकही काळजी खरी झाली नाही. आणि ज्यांना आपल्या काळज्या जास्त प्रमाणात खोट्या ठरलेल्या दिसल्या, त्यांना उपचाराने जास्त बरं वाटलं.

अभ्यास लहान आहे, माणसंही थोडी. शिवाय उरलेल्या नऊ काळज्या खऱ्या ठरल्या, हेही विसरून चालणार नाही. पण यातली युक्ती घरी करण्यासारखी आहे. काळजी डोक्यात असते तेव्हा तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. ती खोटी ठरली की मन गुपचूप पुढच्या काळजीवर उडी मारतं. कागदावर लिहिली की मग ती पकडली जाते.

काळजीला वेळ ठरवून द्या

आता मुख्य उपाय. बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तो विद्यार्थ्यांवर करून पाहिला. "काळजी करू नका" असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून ती थांबत नाही. त्यांनी सांगितलं, काळजी जरूर करा, पण ठरलेल्या वेळी.

पहिली गोष्ट, काळजी सुरू झाली की ती ओळखायची. "अरे, मी आता काळजी करतोय." यासाठी अंगाकडे लक्ष ठेवलं तर सोपं जातं. खांदे चढले का? दात आवळले का? पोटात गोळा आहे का? शरीर बहुधा मनाच्या आधी सांगतं.

दुसरी गोष्ट, दिवसातला अर्धा तास आणि एक जागा ठरवायची. रोज तीच वेळ, तीच जागा. पलंग नको, झोपायची वेळही नको. संध्याकाळी चहानंतरची बाल्कनीतली खुर्ची चालेल.

तिसरी गोष्ट, इतर वेळी काळजी आली की तिला म्हणायचं, "साडेपाचला ये." हवं तर चिठ्ठीवर एक शब्द लिहून ठेवायचा आणि समोरच्या कामाकडे वळायचं. भाजी चिरत असाल तर भाजी, चालत असाल तर पायाखालचा रस्ता.

चौथी गोष्ट, साडेपाचला खरंच बसायचं. चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येक काळजीला विचारायचं, "यात मला हाताने काही करता येईल का?" येत असेल तर काय, कधी, ते ठरवायचं. म्हणजे 'करण्याची' काळजी 'घेण्याची' झाली. येत नसेल तर चिठ्ठी डब्यात.

चार आठवडे हे केलेल्या विद्यार्थ्यांचा काळजीत जाणारा वेळ, काहीच न करणाऱ्यांपेक्षा चांगलाच कमी झाला. आपल्याला यात नवल वाटू नये. आपले पूर्वज घाणा रोज चालवत, पण शनिवारी तो थांबे म्हणजे थांबे. काम कधी सोडायचं हे ठरलेलं असे, म्हणून विसावा मिळे. डोक्यातल्या घाण्यालाही तसाच वेळेचा नियम लागतो.

अंग सैल सोडायला शिका

शरीराच्या बाजूनेही मनाला मदत करता येते. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू एकेक करून शिथिल करण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पुढे डग्लस बर्नस्टीन आणि बोर्कोवेक यांनी १९७३ साली तिची आटोपशीर पद्धत लिहिली. खुर्चीत नीट बसा. उजव्या हाताची मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडून द्या आणि अर्धा मिनिट फरक जाणून घ्या. मग डावा हात, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. सांधे दुखत असतील किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तिथे आवळू नका, नुसतं सैल सोडा.

काही माणसांना सुरुवातीला अंग सैल सोडलं की उलट जास्त अस्वस्थ वाटतं. हेही याच विद्यापीठात नोंदलं गेलं आहे. वर सांगितलेली 'फार हसू नये'वाली धास्ती इथेही असते. तसं झालं तर घाबरू नका. दोनच मिनिटं करा आणि हळूहळू वाढवा.

रात्री राग उशाशी घेऊ नका

डेव्हिड अल्मेडा हे पेन स्टेटचे आणखी एक प्राध्यापक. त्यांच्या अभ्यासात माणसांना ओळीने आठ संध्याकाळी फोन करून विचारतात, आज काय कटकट झाली आणि कसं वाटलं? बस चुकली, सुनेशी वाद झाला, बँकेत खेटे पडले, अशा साध्यासुध्या गोष्टी. त्यातून २०१८ साली केट लेजर, सुझन चार्ल्स आणि अल्मेडा यांनी दाखवलं की आजच्या कटकटीची कडू भावना ज्यांच्या मनात दुसऱ्या दिवशीही रेंगाळते, त्यांच्यात सुमारे दहा वर्षांनी जुनाट दुखणी जास्त आढळली. एकामुळेच दुसरं झालं असं यातून सिद्ध होत नाही. तरी भांडण झालं तर झोपायच्या आधी मिटवा, हा आजीचा सल्ला काही चुकीचा नव्हता.

मुलांनो, आता तुमच्यासाठी

आजी सारखं विचारते ना, "पोचलास का? जेवलास का? स्वेटर घेतलास का?" तुम्हाला कंटाळा येतो. पण तिच्याकडे प्रेम दाखवायचा हा एक जुना मार्ग आहे. तिला "सव्ता, उगाच काळजी करू नकोस" म्हणू नका. पोचल्यावर एक निरोप पाठवा. तेवढ्याने तिच्या डोक्यातला घाणा थांबतो.

काळज्या तुम्हालाही असतात. परीक्षा, मैत्रीण बोलत नाही, आई-बाबा भांडले. पोट दुखतं आणि शाळेत जावंसं वाटत नाही. ते दुखणं खोटं नसतं. पोट खरंच दुखतं, फक्त त्याचं कारण कधी कधी मनात असतं. एक काम करा. आजी किंवा आजोबांबरोबर एक वही सुरू करा. एका पानावर तुमची काळजी, समोरच्या पानावर त्यांची. अंगात कुठे जाणवते तेही लिहा, पोटात, छातीत की मानेत. आठवड्याने दोघांनी मिळून बघा, काय खरं झालं आणि काय नाही. आजोबांना हिब्रू लिहायला जड जात असेल तर मराठीत सांगू द्या, तुम्ही लिहा. त्या निमित्ताने तुम्हाला 'धस्स होणे' आणि 'जीव टांगणीला लागणे' हे शब्दही येतील.

आधी डॉक्टर, मग बाकीचं

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मन आणि शरीर जोडलेलं आहे म्हणून प्रत्येक दुखणं 'मनाचं' समजू नका. छातीत दुखलं, धाप लागली, घाम फुटला, हात किंवा तोंड बधिर झालं, तर मुठी आवळत बसायचं नाही. लगेच मदत मागवायची. इस्राएलमध्ये १०१, अमेरिकेत ९११, भारतात ११२. वडीलधाऱ्यांनी "मुलांना कशाला त्रास" म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

काळजीने झोप, भूक आणि रोजचं काम बिघडलं असेल, तर आपल्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. नुसतं "अंग दुखतं" सांगितलं तर ते अंगाचंच औषध देतील. यात लाज वाटायचं कारण नाही. विचार बदलून मनाला बरं करणारी एक मोठी उपचारपद्धती फिलाडेल्फियात घडवणारे आरन बेक हे ज्यू स्थलांतरितांचे चिरंजीव. ते २०२१ साली शंभर वर्षांचे होऊन वारले. पिट्सबर्गला ज्यू घरात जन्मलेले अल्बर्ट एलिस यांची पद्धत मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. म्हणजे हे ज्ञान दोन्ही बाजूंनी आपल्या घरचंच आहे. मन फार खचलं असेल आणि कोणाशी तरी बोलावंसं वाटत असेल, तर इस्राएलमध्ये १२०१, अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ या क्रमांकांवर ऐकून घेणारं माणूस मिळतं. भारतातल्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

असो. आज संध्याकाळी एक छोटं काम करा. वही घ्या, अर्धा तास ठरवा आणि मनातली पहिली काळजी लिहा. तिच्यासमोर लिहा, 'मला काय करता येईल?' एखादा फोन असेल, एखादी तपासणी असेल, रुसलेल्या भावाला पाठवायचं पत्र असेल. तेवढं उद्या करून टाका. बाकीचं वहीत राहू द्या, वही काही रात्री जागत नाही.

काळजी करू नका. काळजी घ्या.